मशारनिल्हे घराण्याचा अज्ञात इतिहास

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. ही कुणी वाचायची नाही, विशेषतः भावोजींनी.

कारण असं. काल जेवताना भावोजी ताईला म्हणाले (माझ्याशी ते ताईमार्फतच बोलतात) की तुझ्या भावाला विचार, मार्चअखेरपर्यंत कुठे चिकटतोय का. नाहीतर एक तारखेपासून माझ्या गोदामात यायचं. तेही नको असेल तर पिशवी भरायची. कारण त्यांची आई येणार आहे ताईच्या बाळंतपणाला आणि बाहेरच्या खोलीतली माझी कॉट तिला लागेल. ताई म्हणाली, चिकटेल तो, माझा शब्द आहे. भावोजी म्हणाले, डिंकालासुद्धा इतकी वर्षं लागत नाहीत.

मी उत्तर देणार होतो, पण तोंडात घास होता.

वास्तविक मी काय कमी कामं केली? छापखाना, फोटो स्टुडिओ, बोटीवरचं किचन, मधमाश्यांच्या पेट्या. सगळीकडे माणसं जळकी निघाली. मधमाश्यासुद्धा.

प्लॅन तयार आहे. गावातल्या अभिलेखागारात संशोधन साहाय्यकाची एक जागा निघाली आहे. अट एवढीच की मोडी वाचता यावी, आणि मासिक सभेत एखादा निबंध वाचला असेल तर त्याला आधी घेणार. मोडी मला येते. मागच्या वर्षी महिन्याभराचा वर्ग केला. सायकल नेमकी वर्गासमोर पंक्चर झाली आणि आत फॅन चांगला होता. शेवटचा आठवडा नुसता जुन्या शब्दांच्या अर्थांचा होता, तो सोडला. मराठी आपल्याला जन्मापासून येते. शिवाय त्या आठवड्यात नदीकाठच्या गिरणीची जुनी चिमणी पाडत होते.

४ फेब्रुवारी

अभिलेखागारात पहिला दिवस. दगडी पायऱ्या, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. वाचनकक्षाच्या काउंटरवर एक बाई बसते. तिने माझी पिशवी, बाटली, शेंगदाणे आणि पेन काढून घेतलं. इथे फक्त पेन्सिल चालते म्हणे. मग विचारलं, कोणता रुमाल देऊ? म्हटलं नको, आहे खिशात. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

जुने कागद इथे फडक्यात बांधून ठेवतात आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. हे आधी सांगायला काय जातं? पण नाही. नव्या माणसाला पाण्यात पाहायचं ही इथली पद्धत.

पान उलटलं की बाई म्हणते, हळू. खुर्ची सरकली की, हळू. शिंकलो तेव्हाही म्हणाली. तिचं नाव हळूबाई ठेवलं.

८ फेब्रुवारी

तीन दिवस लिहिलं नाही. अभिलेखागाराच्या रस्त्यावर रोलर आला आहे. डांबर घालताना पाहणं हेही एक प्रकारचं संशोधनच. रोलरवाल्याशी ओळख झाली. उद्यापासून मात्र दहाच्या ठोक्याला.

९ फेब्रुवारी

साडेबाराला पोचलो. माझ्या समोरच्या टेबलावर एक मुलगी बसते. पीएचडी करते आहे. कागद हाताळायला पांढरे सुती हातमोजे घालते, जणू कागदाला हिच्यापासून रोग होईल. हिचं नाव हातमोजे ठेवलं. तिलाही त्याच जागेसाठी अर्ज करायचा आहे, हे हळूबाईशी कुजबुजताना ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं की ती हसते. असलं गोड हसणं मी ओळखतो. छापखान्याचा मालकही असाच हसायचा, काढून टाकायच्या आदल्या दिवशी.

११ फेब्रुवारी, दुपारी ३

शोध लागला. शांतपणे लिहितो.

रुमालात एका घोडीविषयी पत्र मिळालं. मोडीत शब्द सुटे नसतात. सगळी ओळ एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखी असते. नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे पकडायला नजर लागते. ती मला आहे. पत्राच्या सुरुवातीला कुणा जमादाराचं नाव होतं, ते एकदाच. पुढे मात्र: मशारनिल्हे यांणी घोडी नेली. मशारनिल्हे यांसी विचारिले. मशारनिल्हे बोलले जे, घोडी लंगडी.

मशारनिल्हे. काय आडनाव आहे. पूर्वी कधी ऐकलेलं नाही. जमादार हा त्यांचा नोकर असावा. नोकराचं नाव एकदाच येतं, मालकाचं पुन्हा पुन्हा. हे लक्षात यायला पीएचडी लागत नाही.

१४ फेब्रुवारी

दुसरा रुमाल सोडला. त्यात मशारनिल्हे. तिसरा सोडला. मशारनिल्हे. विहीर खणली मशारनिल्ह्यांनी, तंटा मिटवला मशारनिल्ह्यांनी, कर बुडवला तोही मशारनिल्ह्यांनी. एवढं मोठं घराणं, आणि कपाटातल्या एकाही जाडजूड इतिहासाच्या सूचीत नाव नाही. सगळे ग्रंथ तपासले. म्हणजे मागच्या पानाचा म पाहिला.

याचा अर्थ एकच. सगळ्या इतिहासकारांनी संगनमत करून हे घराणं दाबलं आहे.

कोशात पाहावं असं क्षणभर मनात आलं. पण आडनावं कोशात नसतात.

ठराव: सभेत निबंध वाचीपर्यंत हे नाव कुणापुढे उच्चारायचं नाही. ताईपुढेसुद्धा नाही. चोरांच्या आळीत राहून तिजोरी उघडी ठेवू नये.

१७ फेब्रुवारी

ताईला मुलगी झाली. बातमी कळताच दवाखान्याकडे निघालो. वाटेत क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते, ती वर जाईपर्यंत थांबलो. पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. भावोजी त्यांच्या आईला म्हणाले, बघ, मामा आले, मुलगी शाळेत जायच्या आत आले.

मुलगी लाल आहे आणि मुठी वळून झोपते. ताई म्हणाली, हिचं नाव तू शोधून दे, इतके जुने कागद वाचतोस. हे भावोजींसमोर म्हणाली. भावोजी छताकडे बघत राहिले.

२१ फेब्रुवारी

कॉट गेली. भावोजींच्या आई, म्हणजे आता आजी, तिच्यावर झोपतात. मी गॅलरीत, धुण्याच्या मशीनशेजारी. मशीन चालू झालं की सगळं अंग स्वतःहून हलतं. सकाळचा व्यायाम वाचला.

आजी म्हणतात, या कॉटचा एक पाय तुटका आहे, खाली काय कोंबलंय कोण जाणे. मी त्यावर इतकी वर्षं झोपलो, मला कधी टोचलं नाही. म्हातारपण माणसाला किरकिरं करतं.

२४ फेब्रुवारी

आज घराण्यातली पहिली बाई सापडली.

पुष्कळ पत्रांच्या माथ्यावर, कोपऱ्यात, वेगळ्या हाताने एक शब्द लिहिलेला असतो: पैवस्ती. पुढे तारीख. इतके दिवस दुर्लक्ष केलं. आज लख्ख कळलं. ही मशारनिल्ह्यांची मुलगी. पत्रं वरवर दुसऱ्यांच्या नावाची, पण खरी पोचायची ती हिच्यापाशी, म्हणून कोपऱ्यात गुपचूप तिचं नाव. सगळा कारभार मागून ही चालवत होती.

पैवस्ती. मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलं. शेवटी तोंडातून बाहेर पडलं. हळूबाई म्हणाली, हळू.

२ मार्च

विजय. घरात नावावरून बैठक झाली. आजींनी स्वतःच्या आईचं नाव सुचवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, पैवस्ती. ताई लगेच म्हणाली, किती वेगळं आहे. आजी म्हणाल्या, औषधासारखं आहे. भावोजींनी ताईला विचारलं, याचा अर्थ काय ते त्याला विचार. मी सांगितलं, जिच्यापाशी सगळं पोचतं ती. एका फार मोठ्या घराण्यातलं नाव आहे, पुढचं सभेत कळेल.

भावोजींनी ताईकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या मुलीकडे बघितलं, आणि म्हणाले, ठीक आहे, तू म्हणतेस म्हणून. दुपारी जाऊन जन्माच्या दाखल्यावर नावही घालून आले.

ताई मला हळूच म्हणाली, मी तुझ्यावर सगळं लावलंय रे, तोंडघशी पाडू नकोस. मी तिला म्हटलं, चिंता सोड. तिने सोडली नाही, पण हसली.

६ मार्च

अपमान. टेबलावर माझ्या नावाने, म्हणजे नाव न घेता, एक छापील कागद ठेवलेला. उपरोक्त वाचक दस्तऐवजावर डोके ठेवून निद्रिस्त आढळल्याने त्यांस समज देण्यात येत आहे.

उपरोक्त म्हणे. मी काय उपरोक्त आहे? आईबापांनी नाव ठेवलंय. पण या सरकारी लोकांना माणसाचं नाव घ्यायचा कंटाळा, की लगेच असला एखादा शब्द चिकटवून देतात. शंभर वर्षांनी कुणी हा कागद वाचला तर त्याला वाटेल, उपरोक्त नावाचा कुणी गृहस्थ इथे झोपायचा. मूर्खांचा बाजार.

झोपलो नव्हतो. अक्षर जवळून बघत होतो.

१० मार्च

घराण्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. एका कागदात मशारनिल्हे मृत्यू पावले. पुढच्याच कागदात मशारनिल्हे सासुरवाडीस गेले. एका चोरीच्या प्रकरणात चोर मशारनिल्हे, तक्रार करणारे मशारनिल्हे, आणि न्यायही मशारनिल्ह्यांनी दिला. स्वतःला दोषी ठरवून स्वतःच सोडून दिलं. धन्य आहे.

साधा संशोधक इथे गांगरला असता. मी उलट विचार केला. एवढ्या जागी एकच आडनाव असेल तर घराणं प्रचंड मोठं. घोडीवाली शाखा, विहीरवाली शाखा आणि चोरांची शाखा असे तीन भाग पाडले की सगळं सुतासारखं सरळ होतं. मेलेले लोक मोठ्या पातीचे, सासुरवाडीस गेलेले धाकट्या.

१३ मार्च

जे व्हायचं तेच झालं. पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. परत येतो तर हातमोजे माझ्या वहीवर वाकलेली. वंशावळीचं पान उघडंच. मला बघून ती गोंधळली आणि म्हणाली, अहो, रागावू नका, पण हे मशारनिल्हे म्हणजे ना...

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. वही छातीशी धरली आणि सांगितलं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय असेल तर हातमोजे कशाला घालता, ठसे उमटतील म्हणून? ती लाल झाली. तरी म्हणाली, मी मदत करायलाच... म्हटलं, ठेवा ती मदत तुमच्या प्रबंधात. सगळा कक्ष बघायला लागला. हळूबाईने हळू म्हटलं नाही. दाराकडे बोट केलं.

पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले. नाव फुटलं आहे. घाई केली पाहिजे.

१६ मार्च

संचालकांना भेटलो. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असतं म्हणून मी त्यांना भिंग म्हणतो. माझ्याकडे त्यांनी डोळ्यांनीच बघितलं, भिंग लागलं नाही, यावरून मी त्यांना बराच मोठा दिसलो असणार. म्हणाले, चोवीस तारखेच्या सभेचे वक्ते पाय मोडून पडले आहेत, जागा रिकामी आहे, तुमच्याकडे खरंच काही आहे का? म्हटलं, इतिहास बदलेल असं आहे. म्हणाले, विषय? म्हटलं, एक अज्ञात घराणं. कोणतं? म्हटलं, ते व्यासपीठावरच.

त्यांनी बराच वेळ श्वास सोडला. मग म्हणाले, दहा मिनिटं, आणि मूळ कागदांचे क्रमांक सोबत द्या. त्या दिवशी निवड समितीचे लोकही बसतील.

म्हणजे सभा आणि मुलाखत एकदमच. एका दगडात.

१७ मार्च

वंशावळीला मोठा कागद हवा. भावोजींनी गोदामातून आणलेला वेष्टनाचा खाकी कागद वापरला. खोलीभर पसरतो. आजी म्हणाल्या, हे झाड आहे की ड्रेनेजचा नकाशा.

२० मार्च

निबंध लिहायचा होता. पण कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसला आहे. तुटकी काडी बदलायची त्याची पद्धत अशी आहे की माणूस बघतच राहतो. मी एक काडी बदलली. दुसरी बदलताना छत्री वाकडी झाली. छत्रीच्या मालकिणीने फार तमाशा केला.

निबंध डोक्यात तयार आहे, कागदावर उतरवणं ही हमाली. उद्या.

२३ मार्च

उतरवला. ताईने तिच्या सगळ्या सासरच्यांना सांगितलं आहे. नणंद येणार, आजी येणार, मुलीलाही नेणार. भावोजी दुपारची सुट्टी घेणार आहेत, हे ताईने मला दोनदा सांगितलं. त्यांनी लग्नातसुद्धा अर्धीच घेतली होती. ताईने माझा शर्ट इस्त्री केला. कॉलर जरा विटली आहे, पण मफलर आहे.

२४ मार्च, संध्याकाळी ७

प्रचंड यश. क्रमाने लिहितो.

सभागृह भरलेलं. पुढे निवड समिती, भिंग, दोनतीन निवृत्त प्राध्यापक. मध्ये आमची मंडळी. भावोजी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. हातमोजे कडेला, आज हातमोजे न घालता.

मी कागद भिंतीवर टांगला आणि थोडा वेळ थांबलो. मग म्हटलं, सभ्य श्रोतेहो, ज्यांचं नाव इतिहासाने पुसलं, ते घराणं म्हणजे मशारनिल्हे.

सभागृह एकदम शांत. असं शांत की हळूबाईला करमलं नसेल. मग मागून कुणीतरी खोकलं, आणि एक निवृत्त प्राध्यापक रुमाल, म्हणजे खिशातला रुमाल, तोंडावर दाबून खाली वाकले. भावना आवरत नसाव्यात. मी घोडी सांगितली, विहीर सांगितली. चोराने स्वतःचा न्याय केला तिथे तर हशाच पिकला. गंभीर विषय हसतखेळत मांडायची हातोटी एकेकाला असते.

मग पैवस्तीवर आलो. सांगितलं, ही असामान्य मुलगी, आणि आज तिचंच नाव धारण करणारी माझी भाची या सभागृहात उपस्थित आहे. सगळ्या माना वळल्या. ताई मुलीच्या अंगावरचं फडकं सारखं करत बसली. मग मुलगी रडली म्हणून उठून बाहेर गेली. मुलगी खरं तर मला झोपलेली दिसत होती. तिच्यामागून हातमोजेही गेली.

प्रश्न विचारायला त्याच प्राध्यापकांनी हात वर केला. फार विनयाने विचारलं, या मशारनिल्हे घराण्याची सदरहू घराण्याशी काही सोयरीक होती का? कारण कागदांत सदरहूही फार आढळतात. प्रश्न अनपेक्षित होता, पण मी डगमगलो नाही. म्हटलं, निश्चित होती. सदरहू हे मशारनिल्ह्यांचे व्याही. पुढे जमिनीवरून बिनसलं. यावर तर टाळ्या पडल्या. समितीतले एक जण डोळे पुसत होते. फक्त भिंग हसले नाहीत. ते मान खाली घालून भिंगाने स्वतःचा अंगठा पाहत होते.

बाहेर आलो तर भावोजी पायरीशी उभे. आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, चला.

वाटभर कुणी बोललं नाही. माणसं भारावली की असं होतं. जागा जवळजवळ मिळालीच. उद्या ताईला सांगून कॉट परत मागणार.

२५ मार्च

सकाळी ताईने आजींना कॉटवरून उठवलं. वाकून तुटक्या पायाखालून एक जाडा ग्रंथ ओढून काढला. तिचा कॉलेजातला कोश. कॉट तिरकी झाली. ताईने कोश पुसला, एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली.

मशारनिल्हे: पूर्वोक्त, वर सांगितलेला, सदर.

थोड्या वेळाने परत आली. दुसरं पान काढून दिलं.

पैवस्ती: पोचल्याबद्दलची नोंद. मिळाले. पोचले.

मला वाटलं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली की अभिलेखागारातल्या त्या मुलीला तुला हे तेराच तारखेला सांगायचं होतं. तू तिला चोर म्हणालास. काल बाहेर ती मला हे सांगताना रडायला आली होती, मी नाही.

आजी तिरक्या कॉटवर बसून होत्या. म्हणाल्या, म्हणजे मुलीचं नाव मिळाले असं ठेवलंय का आपण?

२६ मार्च

दोष कुणाचा, हे शांतपणे पाहू. (अ) मोडीच्या सरांचा. इतका महत्त्वाचा आठवडा शेवटी कशाला ठेवला? (आ) चिमणी पाडणाऱ्यांचा. (इ) जुन्या लोकांचा. सरळ नाव लिहायला काय झालं होतं? (ई) कोशाचा. तो कपाटात असायला हवा, पायाखाली नव्हे.

भावोजींचा दोष शोधतो आहे.

२८ मार्च

भावोजी दाखल्यावरचं नाव बदलून घ्यायला ऑफिसात गेले होते. प्रतिज्ञापत्र करा, जाहिरात द्या, मूळ नाव का ठेवलं त्याचं कारण लिहा. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी घरी येऊन ताईला विचारलं. मग त्यांनीच फॉर्म परत घडी करून खिशात घातला.

३० मार्च

जागा हातमोजेला मिळाली. हे हळूबाईने सांगितलं, माझं वाचकपत्र परत घेताना. पेन आणि पहिल्या दिवशीचे शेंगदाणेही तिने दिले, इतके दिवस जपून ठेवलेले. मी निषेध म्हणून मोठ्याने खुर्ची सरकवली. ती काहीच म्हणाली नाही.

जिन्यात हातमोजे भेटली. मी बाजूला झालो. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण ती घाईत दिसली. म्हणजे थांबली होती, पण घाईत दिसली.

१ एप्रिल

गोदाम. लोखंडी शटर, पुठ्ठ्याचा वास, फॅन नाही. भावोजींनी मला दाराशी टेबल दिलं. ट्रक येतो, माल उतरतो, पावतीवर शिक्का मारायचा. शिक्क्यावर एकच शब्द आहे: मिळाले.

म्हणजे दिवसभर पैवस्ती, पैवस्ती.

ठराव: हे तात्पुरतं आहे. सदरहू या शब्दावर अजून कुणी नीट काम केलेलं दिसत नाही.

३ एप्रिल

कोशात सदरहू पाहिलं. वरचा ठराव रद्द.

९ एप्रिल, संध्याकाळी

कोश परत कॉटखाली गेला. आजींना सरळ झोप लागते. दाखल्याचा फॉर्म आज धुवायच्या शर्टात निघाला, कोरा. ताईने तो मशीनवर ठेवला, मशीन सुरू झाल्यावर तो हलत हलत मागे पडला, कुणी काढला नाही. आजींनीही आता मुलीला पैवस्तीच म्हणायला सुरुवात केली आहे. औषधासारखं आहे म्हणतात, पण म्हणतात.

ताई अजून माझ्याशी भावोजींमार्फत बोलते.

आत्ता आतून भावोजींनी हाक मारली की मशारनिल्हे, पैवस्ती रडतेय, जरा घ्या. गोदामातही आता सगळे मला मशारनिल्हेच म्हणतात. मी ठरवलं होतं की या नावाला ओ द्यायची नाही.

दिली. घेतलं तिला. गप्प झाली.